फोन आणि संगणक : दोन सिस्टिम का झाल्या?

इंदूरच्या जेल रोडवर लॅपटॉप घ्यायला आलेली मुलं दुकानदाराला आधी विचारतात, "फोनवरचं ॲप यात चालेल ना?" भंवरकुआंच्या क्लासेसला जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी हातात धरलेला पहिला संगणक म्हणजे फोनच. त्यामुळे लॅपटॉपनं फोनसारखं वागावं असं त्यांना वाटतं. तीस वर्षांपूर्वी अपेक्षा याच्या उलट होती.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टने खिशातल्या यंत्रांसाठी विंडोज सीई ही सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, आणली. आतली रचना नव्याने लिहिलेली होती, पण तोंडवळा मोठ्या विंडोजचा. कोपऱ्यात स्टार्टचं बटण होतं आणि ते इतकं बारीक की दाबायला काडीसारखं पेन लागायचं. त्याच वर्षी आलेल्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या यंत्राने संगणकाची नक्कल केलीच नाही. पडद्याखाली दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं यांची चार बटणं होती आणि दोन छोट्या सेलवर तो आठवडेच्या आठवडे चालायचा. दोन वाटा तिथेच फुटल्या.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तेव्हा तो ॲपलच्या मॅक संगणकांच्याच ओएस एक्स या सिस्टिमवर चालतो असं सांगितलं. तळाशी ते खरंच होतं, दोन्हींचा गाभा एकच. वर मात्र खिडक्या, मेनू आणि माउसचा बाण काढून टाकले होते, कारण बोटाचं टोक बाणासारखं अचूक टेकत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या अँड्रॉइडच्या पहिल्या फोनमध्येही गाभा संगणकांवर चालणाऱ्या लिनक्स या सिस्टिमचाच होता. म्हणजे तळघर कधीचंच एक झालेलं आहे, भांडण वरच्या मजल्याचं आहे. फोन आणि संगणकाची सिस्टिम एक व्हावी का, यावर वाद घालताना ही गोष्ट नेहमी निसटते.

वरचा मजलाही एक करायचा सगळ्यात मोठा प्रयत्न विंडोज ८ चा. २६ ऑक्टोबर २०१२ ला ती आली आणि टेबलावरच्या संगणकावरही बोटासाठी आखलेल्या मोठमोठ्या चौकटी दिसू लागल्या. स्टार्टचं बटण गेलं. दिवसभर माउस हातात धरून काम करणाऱ्यांना रोजची वाट शोधायला पडद्याचे कोपरे चाचपावे लागले. बरोबर आलेल्या विंडोज आरटीने गोंधळात भर घातली. दिसायला अगदी तीच, पण ती एआरएम जातीच्या चिपवर चालायची. इंटेलसारख्या चिपसाठी बांधलेले जुने प्रोग्राम तिच्यावर उघडतच नसत, त्यामुळे टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. जुलै २०१३ मध्ये तिच्यावर चालणाऱ्या सरफेस आरटी या आपल्या टॅबलेटपायी ९० कोटी डॉलरचा तोटा मायक्रोसॉफ्टने मान्य केला. ऑक्टोबरमध्ये ८.१ बरोबर स्टार्टचं बटण परत आलं. कल्पना चुकीची होती असं मला वाटत नाही, पण ती कामाला बसलेल्या हातावर लादली गेली.

उबुंटू या लिनक्सवर बांधलेल्या सिस्टिमची मात्र मला अजून हळहळ वाटते. फोन पडद्याला जोडला की त्याचाच पूर्ण संगणक व्हावा, ही ती बनवणाऱ्यांची कल्पना. त्यासाठी २०१३ मध्ये लोकांकडे ३.२ कोटी डॉलर मागितले, जमले सुमारे १.२८ कोटी. एप्रिल २०१७ मध्ये तो नादच सोडला. ज्या घरात एकच फोन आणि एक टीव्ही आहे, तिथे ही सोय किती कामाची ठरली असती! त्याच वर्षी सॅमसंगने डेक्स नावाने तशीच सोय दिली, पण महागड्या फोनवर.

ॲपलने २०१८ मध्ये मंचावरूनच सांगितलं की आयफोन आणि मॅकच्या सिस्टिम एक करणार नाही. २०२० मध्ये मॅकमध्येही ॲपलची स्वतःची चिप आली, आयफोनची बरीच ॲप मॅकवर चालू लागली, तरी सिस्टिम दोनच राहिल्या. यात हाताच्या सोयीइतकंच पैशाचंही गणित आहे. मॅकवर प्रोग्राम कुठूनही आणून टाकता येतो. आयफोनवर आपल्याकडे तो ॲपलच्या दुकानातूनच यावा लागतो आणि त्या विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कमिशन कापलं जातं. दोन्ही एक झाल्या तर नियम कोणाचा लागू होणार? मला काळजी याचीच वाटते.

आपल्या लिपीचा अनुभव इथे आठवावा. गणेशोत्सवाची पत्रिका संगणकावर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करायची आणि फोनवर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा, हे मध्य प्रदेशात कितीजणांनी सोसलं आहे. सिस्टिम दोन होत्या म्हणून ते घडत नव्हतं. कृतिदेवमध्ये मुळात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना देवनागरीचं रूप फक्त तो फॉन्ट देतो. जगभरच्या लिपींसाठी ठरवलेल्या युनिकोड या सामाईक पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे. संगणक आणि फोन दोघेही ती नीट दाखवू लागल्यावर तोच मजकूर दोन्हीकडे वाचता आला, सिस्टिम वेगळ्या राहूनसुद्धा.

जुलै २०२५ मध्ये गूगलने क्रोमओएस (क्रोमबुक या लॅपटॉपची सिस्टिम) आणि अँड्रॉइड एकाच व्यासपीठावर आणत असल्याचं सांगितलं आणि हा विषय पुन्हा वर आला. जेल रोडवरच्या प्रश्नाचं उत्तर तोवर लॅपटॉप कोणता यावर ठरतं. क्रोमबुकवर अँड्रॉइडची ॲप २०१६ पासून येऊ लागली. विंडोज ११ मध्ये दिलेली तशीच सोय मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये बंद केली.