व्हिस्टा लीडर (सामुदायिक ऊर्जाबचत)

व्हिस्टा लीडर : अमेरिकेतील ‘अमेरिकॉर्प्स व्हिस्टा’ या राष्ट्रसेवा योजनेतील एक पद. सेवेचे एक वर्ष पुरे केलेला स्वयंसेवक आणखी एक वर्ष थांबून हे पद घेतो आणि नव्याने आलेल्या सदस्यांना शिकवतो, सांभाळून घेतो. योजना गरिबी हटवण्यासाठी आहे, त्यामुळे शिक्षण, आरोग्य, अन्न अशा अनेक क्षेत्रांत असे लीडर असतात. या नोंदीत गरिबांच्या घरांतील ऊर्जेची गळती थांबवणाऱ्या कामातल्या लीडरचा विचार केला आहे.

व्हिस्टाची कल्पना जॉन केनेडी यांच्या काळातली. परदेशात तरुण पाठवणारी पीस कोअर १९६१ मध्ये सुरू झाली होती. तसेच काहीतरी देशातल्या गरीब वस्त्यांसाठी हवे, असा तो विचार होता. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती प्रत्यक्षात आली आणि त्याच डिसेंबरात पहिल्या वीस स्वयंसेवकांचे व्हाइट हाउसमध्ये स्वागत झाले. पुढे १९९३ च्या कायद्याने अमेरिकॉर्प्सची स्थापना झाली, तेव्हा व्हिस्टा तिच्यात सामील झाली.

मराठी वाचकाला यावरून एनएसएस आठवेल, पण दोन्हींत मोठा फरक आहे. एनएसएसचा विद्यार्थी कॉलेज सांभाळून शिबिराला जातो. व्हिस्टा सदस्य वर्षभर पूर्णवेळ त्या गावात राहतो, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्या उत्पन्नाच्या आसपासच्या भत्त्यावर राहतो. शिवाय त्याने थेट सेवा करायची नसते. खिडकीच्या फटी बुजवायला तो शिडीवर चढत नाही. फटी बुजवणारी यंत्रणा उभी करतो. अनुदानाचे अर्ज लिहिणे, स्वयंसेवक जमवणे, घरांच्या नोंदी नीट लावणे, कामाची पुस्तिका तयार करणे, हे त्याचे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ही कागदी कामे वाटतात. पण स्थानिक संस्थेत दोन-तीनच पगारी माणसे असतात आणि त्यांना नेमका यासाठीच वेळ मिळत नाही.

ऊर्जाबचत गरिबीच्या योजनेत कशी आली, ते समजायला तिकडचा हिवाळा समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे घर वाऱ्याला मोकळे असावे असे वाटते. उत्तरेकडच्या मेन राज्यात तोच वारा पैसे घेऊन जातो. तिथली सुमारे निम्मी घरे आजही हीटिंग ऑइलवर तापतात. टँकर येतो आणि तळघरातली टाकी भरून जातो. १९७३ च्या तेलटंचाईत भाव भडकले आणि गरीब कुटुंबांपुढे घर तापवायचे की बाकीची बिले भरायची असा पेच उभा राहिला. त्यातून १९७६ मध्ये गरिबांच्या घरांतील ऊर्जेची गळती थांबवणारा केंद्र सरकारचा ‘वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. आरंभीची वर्षे तात्पुरत्या उपायांची होती : दारांना पट्ट्या, फटींत पुट्टी, खिडक्यांवर प्लास्टिक. नंतर त्याला शास्त्राची जोड मिळाली. २००९ च्या मंदीत या कार्यक्रमाला सुमारे ५ अब्ज डॉलर मिळाले आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ३.५ अब्ज. गरज मात्र तेवढीच खोल आहे : कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला ऊर्जेवर कमाईचा जो वाटा खर्चावा लागतो, तो इतरांच्या सुमारे तिप्पट असतो.

हे शास्त्र ब्लोअर डोअरच्या चाचणीत उघड दिसते. घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवतात, त्याच्या तळाला मोठा पंखा असतो. बाकी दारे-खिडक्या बंद करून पंखा घरातली हवा बाहेर खेचू लागतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कल कमी झाला की घर बोलू लागते. माळ्याच्या झडपेपाशी, सिंकखालच्या पाइपाभोवती, पाया आणि भिंत जुळते त्या कडेला हाताची पाठ धरली की थंड झोत लागतो. बहुतेकांना वाटते गळती खिडक्यांतून होते. खरे तर गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि तिच्या जागी तळघरातून गार हवा आत ओढली जाते. म्हणून आधी वरच्या-खालच्या फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरायचे, हा क्रम पाळतात. भिंतींच्या पोकळीत भरायचे सेल्युलोज बहुतांशी जुन्या वर्तमानपत्रांपासून बनते. घर घट्ट झाले की घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर आत उलटत नाही ना, तेही तपासावेच लागते. तिथे हयगय झाली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

हे काम प्रशिक्षित कारागिरांचे. पण काही काम शेजाऱ्यांनाही जमते, आणि सामुदायिक हा शब्द तिथे खरा ठरतो. मेनच्या रॉकलंड गावात २०१० मध्ये एका चर्चच्या खिडक्यांतून गार हवा आत येत होती, हा प्रश्न होता. त्यातून ‘विंडोड्रेसर्स’ हा उपक्रम उभा राहिला. पाइन लाकडाची हलकी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म, कडेला फोमची पट्टी, अशी ही आतून बसवायची जादा खिडकी. फिल्म दुहेरी चिकटपट्टीवर लावून गरम हवेच्या बंदुकीने शेकतात. सुरकुत्या हळूहळू ओढल्या जातात आणि शेवटी ती काचेसारखी ताणून बसते. हिवाळ्याआधी गावातल्या एखाद्या सभागृहात टेबले मांडून शेजारी-शेजारी मिळून या चौकटी बनवतात, ज्याला परवडत नाही त्याला नाममात्र पैशांत किंवा फुकट देतात. ज्याच्या घरासाठी खिडकी, त्यानेही एक पाळी काम करावे अशी अपेक्षा असते. मदत घेणारा आणि देणारा एकाच टेबलाशी उभे राहतात, हे मला या उपक्रमाचे सर्वांत मोठे यश वाटते.

असे टेबल मांडण्याआधी मापे घेणाऱ्यांच्या जोड्या लावाव्या लागतात, घरांच्या याद्या कराव्या लागतात, ज्या आजींना फोनवर नीट ऐकू येत नाही त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवावे लागते. अशा जागी व्हिस्टा सदस्य बसतो, आणि सदस्य वेगवेगळ्या गावांत विखुरलेले असले की लीडरची गरज लागते.

लीडर त्यांचा वरिष्ठ नसतो. रजा मंजूर करणे, कामाचे मूल्यमापन करणे हे संस्थेच्या सुपरवायझरचे अधिकार. लीडर मात्र त्याच परिस्थितीतून गेलेला असतो. भत्ता महिनाअखेर कसा पुरवायचा, पहिल्या तीन महिन्यांत काहीच घडत नाही असे वाटते तेव्हा काय करायचे, घरमालक फोन उचलत नसेल तर कुणाला गाठायचे, हे त्याला माहीत असते. हा शेवटचा प्रश्न फार अडवणारा आहे. वीज-तेलाचे बिल भाडेकरू भरतो, घर मालकाचे. खर्च करण्यात मालकाला रस नसतो आणि त्याच्या सहीशिवाय कारागीर घरात पाऊल टाकू शकत नाही.

दुसरा अडथळा ‘डेफरल’चा. छत गळत असेल, वायरिंग धोकादायक असेल, भिंतीत बुरशी असेल, तर ऊर्जाबचतीचे काम थांबवून ते घर बाजूला ठेवतात. नियम योग्य आहे, ओल्या भिंतीत इन्सुलेशन कोंबणे घातकच. पण परिणाम असा होतो की सर्वांत वाईट अवस्थेतले घर, म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच यादीतून गळते. यावर तोडगा म्हणजे छतदुरुस्तीचा निधी वेगळीकडून आणून जोडणे. एकेक सदस्य आपापल्या गावात अशी दोन-चार घरे पाहतो. सगळ्यांच्या याद्या एकत्र ठेवून किती घरे कशामुळे अडली हे दाखवणे लीडरला शक्य होते, आणि अनुदानाच्या अर्जाला तेच बळ देते.

सदस्य दर वर्षी बदलतात, ही या योजनेची उघड दुबळी बाजू. लोकांचा विश्वास बसायला सहा महिने लागतात, आणि बसतो न बसतो तोच माणूस निघायच्या तयारीला लागतो. लीडर दोन तुकड्यांमधला दुवा असतो : कोणत्या चर्चची किल्ली कुणाकडे असते, कोणत्या घरात कुत्रा आहे, कुठल्या कुटुंबाला पूर्वी कुणी आश्वासन देऊन फसवले आहे, हे तो पुढच्या माणसापर्यंत पोचवतो.

व्हिस्टासाठी किमान वय १८; वरची मर्यादा नाही, निवृत्त माणसेही येतात. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पात्र असतात. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत वाढलेल्या मुलांना म्हणूनच हा मार्ग खुला आहे; एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना नाही. लीडरचा भत्ता सदस्यापेक्षा थोडा जास्त असतो. वर्षअखेरीस शिक्षणासाठीची सेगल रक्कम (२०२४ मध्ये ७,३९५ डॉलर) किंवा त्याहून बरीच लहान रोख रक्कम, यांपैकी एक निवडता येते. सेवा संपल्यावर वर्षभर केंद्र सरकारच्या नोकरभरतीतही सवलत मिळते.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने अचानक रद्द झाली. राज्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि जूनमध्ये तक्रारदार राज्यांपुरता अनुदाने पूर्ववत करण्याचा आदेश झाला. अनेक गावांत तोवर सदस्य घरी परतले होते, आणि मापे घेऊन ठेवलेल्या याद्या कुणाच्या तरी संगणकात राहून गेल्या होत्या.