९० टक्के दाखवूनही वार चुकतो, म्हणजे कॉम्प्युटर फसवतो का?

जपानी युद्धनीतीच्या व्हिडिओ गेमबद्दलचा हा फार जुना समज: पडद्यावर वार लागण्याची शक्यता ९० टक्के दिसते, पण कॉम्प्युटर आतून लबाडी करून आपला वार चुकवतो.

असं वाटणं साहजिक आहे. ‘फायर एम्ब्लेम’ ही अशा गेमची मालिका १९९० मध्ये फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर सुरू झाली. तिच्यात पडलेला योद्धा सहसा कायमचा जातो. अशा वेळी तलवार उगारली जाते, शत्रू अलगद बाजूला सरकतो आणि उलट वारात आपला माणूस मरतो. ते विसरता येत नाही. लागलेले वार मात्र कोणाच्या लक्षात राहतात?

आता हिशोब बघा. आकडा अगदी खरा असला, तरी ९० टक्क्यांच्या दहा वारांत निदान एक चुकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते.

शिवाय २००२ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या गेमयंत्रावरील भागापासून वार लागला की नाही हे ठरवायला दोन यादृच्छिक (कसेही निवडलेल्या) आकड्यांची सरासरी घेतली जाऊ लागली; ती दाखवलेल्या आकड्यापेक्षा कमी आली तर वार लागतो. त्यामुळे तिथे दाखवलेले ९० प्रत्यक्षात सुमारे ९८ पडतात, आणि ३० जेमतेम १८. शत्रूलाही हाच नियम. म्हणजे नेम चांगला असेल तर आकडा उलट आपल्याच बाजूने झुकलेला!

‘पुन्हा सुरू केलं तरी तोच वार चुकतो’ हा पुरावा दिला जातो. पण या भागांत पुढे येणाऱ्या यादृच्छिक आकड्यांची रांगही सेव्ह होते. आधी दुसऱ्या योद्ध्याला लढवून पाहा, रांग पुढे सरकते आणि निकाल बदलू शकतो. खात्री हवी असेल तर वहीत शंभर वार लिहा, लागलेलेसुद्धा.