स्किझोफ्रेनिया उलटण्याचे प्रमाण आणि त्यामागची कारणे : पार्श्वभूमी

आजार उलटण्याचे प्रमाण मोजायचे तर रुग्ण आधी सावरून घरी गेलेला असावा लागतो. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे फारसे घडत नव्हते. एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणून मांडलेल्या या आजाराची वाटचाल उतरणीचीच मानली जाई. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याला आजचे नाव दिले आणि सगळ्या रुग्णांचे भवितव्य सारखे नसते असेही सांगितले, तरी अनेकांचे आयुष्य रुग्णालयातच सरत राहिले. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डेले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरील औषधाचे परिणाम नोंदवले, आणि पुढच्या काही वर्षांत हे चित्र बदलू लागले.

घरी गेलेल्यांचे काय होते, याचा मागोवा घेताना जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५८ मध्ये लंडनमध्ये एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांची प्रकृती भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा बिघडत होती. त्यातून नातेवाइकांच्या मुलाखतीची एक पद्धत घडली. तिच्यात बोलण्याच्या आशयाइतकाच आवाजाचा सूर ऐकला जाई, आणि टीकेची वाक्ये अक्षरशः मोजली जात. व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये आधीच्या पाहणीतील रुग्णही जमेस धरून काढलेल्या आकड्यांनुसार टीका, वैरभाव किंवा रुग्णात भावनिकदृष्ट्या अति गुंतून राहणे असलेल्या घरांतील ५१ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, तर इतर घरांत हे प्रमाण १३ टक्के होते. अशा तणावाच्या घरी नातेवाइकांशी आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर संपर्क असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या रुग्णांत तर ते ९२ टक्क्यांवर गेले. या आकड्यांचा अर्थ ‘घरच्यांनीच आजारी पाडले’ असा लावला गेला, हा त्या संशोधनावर आणि त्या घरांवरही अन्यायच होता. दीर्घ आजाराशी झुंजून थकलेले घर चिडचिडे होणे तितकेच संभवते.

औषधांचा वाटा पुढे अधिक स्पष्ट झाला. रॉबिन्सन यांच्या १९९९ च्या अभ्यासात पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांचा आजार पाच वर्षांत निदान एकदा उलटला, आणि औषध थांबवल्यास धोका जवळपास पाचपट होता. लॉइख्ट यांनी २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वर्षभरात उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत ६४ टक्के आढळले. व्यसन आणि आजारापूर्वीचे कमकुवत सामाजिक समायोजन हे घटकही वारंवार समोर आले.

मात्र हे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते, कारण कोणी पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याला उलटणे म्हणतो, तर कोणी लक्षणांच्या मोजपट्टीवर ठरावीक गुण वाढण्याला. पहिल्या झटक्यानंतर औषधाची मात्रा लवकर कमी करण्याच्या वुंडरिंक यांच्या डच अभ्यासात सुरुवातीला आजार उलटण्याचे प्रमाण वाढले होते. सात वर्षांनी, २०१३ मध्ये, दोन्ही गटांतला तो फरक उरला नाही, आणि कामाधामाच्या, नात्यांच्या पातळीवर मात्रा कमी केलेला गटच अधिक सावरलेला दिसला. गट लहान असल्याने या निष्कर्षावरचा वाद अजून मिटलेला नाही.