पीनट बटरमध्ये पाणी घातलं तर ते घट्ट का होतं?

थंड नूडल सॅलडचं ड्रेसिंग करताना पीनट बटरमध्ये चमचाभर पाणी किंवा सोया सॉस घातला की ते पातळ व्हायला हवं ना, होतं नेमकं उलटं, ढवळता ढवळता रंग फिका पडतो, मिश्रण आवळत जातं आणि शेवटी सगळा गोळा चमच्यालाच चिकटून बसतो. इथे बरेच जण घाबरून तेल ओततात. तेल नको, अजून पाणी घाला!

पीनट बटरचं जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि त्या तेलात प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटचे बारीक कण विखुरलेले असतात. या कणांना ओढ पाण्याची. थोडंसंच पाणी आलं की ते ओले होऊन एकमेकांना धरून बसतात, झाला लगदा. पण चमचा चमचा करत पाणी घालत राहिलं की एका टप्प्यावर सगळं फिरतं, कण पाण्यात सुटे होतात, तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतात आणि प्रोटीन त्या थेंबांभोवती थर धरून त्यांना परत एक होऊ देत नाही. म्हणजे आधी तेलात कण होते, आता पाण्यात तेल आहे, यालाच इमल्शन म्हणतात. तिळाच्या पेस्टचंही अगदी हेच. आणि व्हिनेगर, लिंबाचा रस, सोया सॉस ही सगळी मंडळी इथे पाण्यातच मोजायची. कोमट पाणी घेतलं तर काम लवकर होतं.

आता नूडल्स. गव्हाचा स्टार्च साधारण ६० डिग्री सेल्सियसच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि त्यातला अमायलोज नावाचा भाग थोडा बाहेर पाझरतो, शिजलेल्या नूडल्सवरचा चिकट थर तो हाच. गरम सॉसमध्ये हा थर कामाचा असतो, थंड होताना मात्र अमायलोजच्या साखळ्या परत एकमेकींना जोडल्या जातात आणि नूडल्सचा एकच गठ्ठा होतो, म्हणून थंड पाण्याखाली हाताने चोळून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायच्या, आणि मग नीट निथळायच्या, नाहीतर ते पाणी ड्रेसिंगमध्ये उतरतं. थंड झाल्यावर त्या जरा कडक होणारच, तेव्हा गरम खायच्या नूडल्सपेक्षा किंचित जास्त शिजवलेल्या बऱ्या. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवल्या तर अजून ताठरतात, कारण ४ डिग्रीच्या आसपास स्टार्च परत स्फटिकासारखा बांधला जायचा वेग जास्त असतो (ब्रेड फ्रीजमध्ये लवकर शिळा लागतो तो याचमुळे). शिवाय रात्रभरात त्या ड्रेसिंगमधलं पाणीही शोषतात. त्यामुळे ड्रेसिंग आयत्या वेळी घाला.

मांस कुठलं घ्यायचं? माझं मत चिकन ब्रेस्ट. एरवी कोरडा म्हणून बदनाम असला तरी थंड पदार्थात कमी चरबी हा फायदाच आहे, बीफ किंवा मटणाची चरबी थंड झाली की टाळ्याला चिकटते. कोरडेपणा येतो तापमानामुळे. मायोसिन हे प्रोटीन ५० डिग्रीच्या आसपास आकसायला लागतं, तोवर ठीक असतं, पण ६५ च्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रोटीनही आवळलं की रस बाहेर फेकला जातो. सुरक्षिततेसाठी मधोमध ७४ डिग्री लागतात, त्यामुळे खळखळ न उकळता मंद आचेवर शिजवायचं आणि थर्मामीटरवर ७४ दिसले की थांबायचं. मग हाताने तंतू सोडवायचे, त्या खरखरीत कडांवर ड्रेसिंग छान धरतं, सुरीने कापलेल्या गुळगुळीत तुकड्यांवरून ते घसरतं.

चव मात्र थंड झाल्यावरच बघा. गोड चव मेंदूपर्यंत पोचवण्यात टीआरपीएम५ नावाच्या आयन चॅनलचा (चवीच्या पेशींमधली विद्युतभारित कणांची वाट) हात असतो आणि १५ ते ३५ डिग्रीच्या दरम्यान तापमान वाढेल तसं त्याचं काम जोरात चालतं, हे २००५ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. त्यात थंड पदार्थातून वासाचे रेणूही कमी उडतात, म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणाही निम्मा दबला. कोमट असताना जरा जास्त वाटणारं ड्रेसिंग थंड झाल्यावर बरोबर लागतं.

आणि हो, नूडल्स नि चिकन बाहेर ठेवून निवांत गार होऊ द्यायचं नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, कोमट स्टार्च मिळाला की वाढायला लागतात. दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये, आणि उथळ भांड्यात ठेवलंत तर लवकर गार होतं.