सर्व्हायव्हल हॉरर

व्हिडिओ गेमचा एक प्रकार. यात खेळाडूला भुताखेतांची जितकी भीती वाटते, तितकीच जवळच्या गोळ्या संपण्याचीही वाटते. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मुळे (१९९६, दिग्दर्शक शिंजी मिकामी) हे नाव रूढ झाले. प्रकार मात्र त्याआधीचा: कॅपकॉमचाच 'स्वीट होम' (१९८९) आणि फ्रान्समध्ये तयार झालेला 'अलोन इन द डार्क' (१९९२) हे त्याचे पूर्वज.

चांगल्या सर्व्हायव्हल हॉररचे मर्म टंचाईत आहे. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खेळाडू जिल किंवा ख्रिस यांपैकी एक पात्र निवडतो; जिलला आठ वस्तू बाळगता येतात, ख्रिसला सहाच. पिस्तूल, गोळ्या, जखमेवरची वनस्पती आणि एखादी किल्ली घेतली, की ख्रिसकडे दोनच जागा उरतात. खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर गाठायचा आणि शाईची रिबन खर्च करायची, रिबनीही मोजक्याच. त्यामुळे बोळातल्या झाँबीवर गोळ्या उडवायच्या की अंग चोरून निसटायचे, हा हिशेब पावलोपावली करावा लागतो. कॅमेरा एका जागी खिळलेला असल्याने कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही, फक्त फरफटत्या पावलांचा आवाज येतो. २००२च्या नव्या आवृत्तीत मेलेला झाँबीही जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही, तर पुढे जास्त चपळ होऊन उठतो. जाळायला रॉकेल लागते, आणि रॉकेलची बाटलीही एक जागा अडवते!

टंचाई खरी असण्यापेक्षा ती भासणे महत्त्वाचे. गोळ्या खरोखरच संपल्या तर खेळाडू वैतागून गेम बंद करील.

'सायलेंट हिल'ने (कोनामी, १९९९) भीती वातावरणात मुरवली. प्लेस्टेशन या गेम खेळण्याच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, ती उणीव दाट धुक्याने झाकली. खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो; दिसत काहीच नाही. 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट'मध्ये (२०१०) तर शस्त्रच नाही. अंधारात लपावे तर नायकाचे मन ढळते, उजेड करावा तर तेल जळते. 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) उत्कृष्ट गेम आहे, पण त्यात शत्रू मेले की गोळ्या आणि पैसे सांडतात. तिथे भीतीची जागा शिकारीची मजा घेते.

दुर्लक्षित राहते ती सुरक्षित खोली. सतत घाबरवले तर मन बधिर होते. म्हणून मध्येच टाइपरायटर, सामानाची पेटी आणि संथ संगीत असलेली खोली लागते. तिथून पाय निघत नाही, आणि दार उघडताना पुन्हा गोळ्या मोजल्या जातात.