पीएचडीची प्रवेश परीक्षा: अर्ज, दाखले आणि इंग्रजीचा उतारा

"ताई, ५४.८ म्हणजे ५५च धरतात ना?" नवी पेठेतल्या अभ्यासिकेत अर्ज भरताना एका मुलीने मला हे विचारलं. नाही धरत. नेट म्हणजे देशपातळीवरच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या माहितीपत्रकात पदव्युत्तर पदवीच्या ५५ टक्क्यांच्या पुढेच लिहिलेलं असतं की आकडा पूर्णांकात आणायचा नाही. तिने ती ओळ वाचलीच नव्हती, कारण ती इंग्रजीत होती आणि मैत्रिणीने सगळं तोंडी सांगितलं होतं. नाकारलेले जे अर्ज मी पाहते, त्यांतले बरेचसे असेच जातात. पोरांची हुशारी कमी पडत नाही, माहितीपत्रकातलं एखादं इंग्रजी वाक्य अर्धवट वाचलेलं असतं.

आधी रस्ते समजून घ्या. जून २०२४ च्या नेटपासून निकाल तीन गटांत लागतो: पहिला जेआरएफचा, म्हणजे संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीचा, दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशाचा, आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेशाचा. जेआरएफवाल्यांची प्रवेशासाठी मुलाखत होते. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएचडीसाठी ते गुण एकच वर्ष चालतात. "दोन वर्षांपूर्वी नेट झालंय, आता प्रवेश घेईन" म्हणणाऱ्यांची इथेच निराशा होते. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेचा, म्हणजे आपल्याकडची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा). यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे तिचा निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो, आणि पात्र व्हायला ५० टक्के लागतात. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के ही मूळ अट. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे, पण ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) जपून राहा: पीएचडीच्या नियमावलीत ती सवलत त्यांनाही आहे, नेटच्या पात्रतेत नाही. एकाच घरातल्या दोन नियमांत हा फरक का ठेवला, याचं उत्तर कोणी देत नाही. भुर्दंड विद्यार्थ्यालाच पडतो.

फोटो, सही, शुल्क याबद्दल वेगळं सांगायला नको. अडतं ते दाखल्यांवर.

नॉन-क्रिमीलेअरचा राज्याचा दाखला तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, म्हणून मुलं निर्धास्त असतात. नेटसारख्या केंद्राच्या परीक्षेला मात्र केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर निघालेला दाखला लागतो. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि सेतू केंद्रातून तो चार दिवसांत हातात पडेल असं धरून चालू नका. मराठा समाजातल्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्याचं आहे, केंद्राच्या यादीत ते नाही. केंद्राच्या परीक्षेच्या अर्जात तो पर्याय शोधू नका. केंद्राच्या ईडब्ल्यूएसच्या अटींत बसत असाल तर तो दाखला वेगळा काढा.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार वेळेत दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत आधीच हाताशी ठेवा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी राजपत्रासाठी धावाधाव करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि फार वाईट वाटतं. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर टक्के स्वतः काढू नका, विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र घ्या.

नोकरी करणाऱ्यांचं ना हरकत प्रमाणपत्र हा सगळ्यांत मोठा अडथळा. शाळा-कॉलेजं लेटरहेडवर एक ओळ देतात, "आमची हरकत नाही." ते पुरत नाही. नियमावलीला तीन गोष्टी हव्या आहेत: अर्धवेळ पीएचडी करायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळीक देऊ. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, साहेबांना फक्त सही करू द्या.

आता इंग्रजी. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण असतात. त्यात एक उतारा आणि त्यावर ५ प्रश्न, म्हणजे हातचे १० गुण. पण अर्जातच माध्यम निवडावं लागतं, इंग्रजी किंवा हिंदी, आणि मागाहून ते बदलत नाही. मराठीचा पर्याय सेट या राज्याच्या पात्रता परीक्षेत आहे, इथे नाही. देवनागरी दिसली की आपली मुलं हिंदी निवडतात आणि फसतात. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण हे सगळ्यांना माहीत असतं, पण 'चर' म्हणजे आपला चल, 'प्रतिदर्श' म्हणजे नमुना, 'परिकल्पना' म्हणजे गृहीतक, हे पेपर सुरू असताना कळून काय उपयोग? तुमची पुस्तकं इंग्रजीत असतील तर इंग्रजीच घ्या.

शब्दसंग्रह म्हटलं की मुलं अप्पा बळवंत चौकात जाऊन अवघड शब्दांचं जाडजूड पुस्तक आणतात आणि पाठ करत बसतात. त्यातले निम्मे शब्द पेपरात फिरकतही नाहीत. त्याऐवजी दोन वह्या करा. पहिलीत संशोधनाचे शब्द: व्हॅलिडिटी आणि रिलायबिलिटी, कोरिलेशन (सहसंबंध) आणि कॉझेशन (कार्यकारणभाव), लाँगिट्युडिनल (दीर्घकाळ चालणारा अभ्यास) आणि क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळी केलेला). हे जोडीनेच लिहा, कारण प्रश्न त्यांच्यातल्या फरकावर येतो. वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो रिलायबल आहे, कारण फरक रोज तोच राहतो, पण व्हॅलिड नाही, कारण खरं वजन दाखवत नाही. एवढं एक उदाहरण डोक्यात बसलं की ती जोडी कधी उलटी होत नाही.

दुसरीत वाक्याचा रोख फिरवणारे शब्द: हाऊएव्हर, ऑल्दो, अनलेस, नॉटविथस्टँडिंग, हार्डली. उताऱ्यातला लेखक आधी दुसऱ्याचं मत मांडतो आणि हाऊएव्हरनंतर स्वतःचं. घाईत वाचणारा पहिलंच मत लेखकाचं समजतो आणि दोन प्रश्न घालवून बसतो. यातच 'फ्यू' आणि 'अ फ्यू' येतात. मराठीत असा 'अ' नसल्याने आपली नजर त्यावरून घसरते. 'फ्यू स्टडीज' म्हणजे अभ्यास जवळजवळ झालेलेच नाहीत, 'अ फ्यू स्टडीज' म्हणजे थोडे झाले आहेत. अर्थ पार उलटतो. मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा एमए झालेली मुलंही गप्प होतात.

सरावाला वेगळा खर्च लागत नाही. शोधगंगावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयातल्या प्रबंधाची पहिली तीन-चार पानं रोज वाचा आणि बाजूला मराठीत दोन ओळींत लिहा: हा काय म्हणतोय, कशाच्या आधारावर. मराठीत लिहिता आलं नाही, तर इंग्रजीत कळलेलं नाही असं समजा. प्रश्न सोडवताना आधी प्रश्न वाचा, मग उतारा. ज्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे आहेत, त्याकडे संशयाने बघा. 'ओन्ली', 'ऑलवेज' असलेला पर्याय उताऱ्यात तसा आधार सापडेपर्यंत धरू नका. नेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आणि पेपर चांगला गेला तरी लगेच संशोधन केंद्रांच्या रिक्त जागांची यादी बघा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही मर्यादा आहे. तुमच्या विषयात मार्गदर्शकाकडे जागाच नसेल, तर पात्र ठरूनही वाट बघत बसावं लागतं. ही चौकशी अर्ज भरण्याआधी केली, तर केंद्र निवडताना हातात काहीतरी असतं.