फ्रेमवर्क दाखवायला काय घ्यावं: नमुना ॲप की वापरातला प्रकल्प?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या मुलांना किंवा एखाद्या चादर कारखानदाराला वेब फ्रेमवर्क (वेब ॲप बांधायचा तयार सांगाडा) दाखवायचं ठरलं की मुक्तस्रोत प्रकल्पाचा शोध सुरू होतो. तिथे दोन वेगळ्या गोष्टी हमखास एकमेकींत मिसळतात. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं पेटक्लिनिक हे शिकवण्यासाठी लिहिलेलं नमुना ॲप आहे. बुकस्टॅक (माहितीची पानं लिहून ठेवायला), डिस्कोर्स (चर्चामंच), मॅस्टोडॉन (समाजमाध्यम) ही लोकांच्या रोजच्या वापरातली सॉफ्टवेअर आहेत.

पेटक्लिनिक मूळ मांडणीत एच-टू हा मेमरीतला डेटाबेस वापरतं. मशीनवर जावा असली की एका कमांडमध्ये ते ८०८० पोर्टवर सुरू होतं. तासाभराच्या व्याख्यानाला हेच घ्यावं. पण ॲप बंद केलं की भरलेल्या नोंदी पुसल्या जातात, आणि त्यात लॉगिनही नाही. कारखानदार विचारणार, ‘मालाचा दर मुनीमजींना दिसावा, कामगारांना नको, जमेल का?’ त्याचं उत्तर या ॲपमध्ये दाखवता येत नाही.

तिथे वापरातला प्रकल्प लागतो, मात्र नावाजलेला म्हणून उचलू नये. डिस्कोर्स रेल्स या रुबी फ्रेमवर्कवर चालतं, पण त्याचा दर्शनी भाग एम्बर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये आहे, त्यामुळे रेल्सचे व्ह्यू (पान दाखवणारा भाग) शिकवायला त्यात फारसं काही सापडत नाही. मॅस्टोडॉनला पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (मेमरीतला साठा), साइडकिक (मागे चालणारी कामं करणारं) आणि वेगळा स्ट्रीमिंग सर्व्हर लागतो. फ्रेमवर्कपर्यंत पोचायच्या आत वेळ संपतो.

लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कसाठी आमची पसंती बुकस्टॅकला. पीएचपी, कंपोझर (पीएचपीची पॅकेजं उतरवणारं साधन) आणि मायएसक्यूएल डेटाबेस एवढ्यावर ते चालतं. रिलीज शाखा क्लोन करा, कंपोझर इन्स्टॉल चालवा, नमुना एन्व्ह (सेटिंग्जच्या) फाइलची प्रत काढून डेटाबेसचं नाव-पासवर्ड भरा, आर्टिसन या लॅराव्हेलच्या कमांड साधनाने की जनरेट करा, मग मायग्रेट चालवून डेटाबेसची टेबलं बनवा. भूमिकेनुसार परवानग्या आणि पानाच्या जुन्या आवृत्त्या त्यात आधीपासून आहेत. टॉवेलच्या रंगाईचं प्रमाण कुणी, कधी बदललं हे कारखानदाराला तिथल्या तिथे दाखवता येतं. मुलं मात्र एका ठिकाणी अडतात: मॉडेल (डेटाबेसातल्या नोंदी हाताळणारा कोड) नेहमीच्या मॉडेल्स फोल्डरमध्ये नाहीत, विषयवार फोल्डरांत विभागलेली आहेत. हे आधीच सांगा, आणि राउट्सच्या फाइलपासून (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो ते) सुरुवात करून कंट्रोलरमार्गे (विनंती हाताळणारा कोड) मॉडेलपर्यंत या.

कुठलाही प्रकल्प नक्की करण्याआधी लॉक फाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) फ्रेमवर्कची आवृत्ती बघा. तिचा आधार संपला असेल तर मुलं कालबाह्य पद्धत शिकतील. परवानाही वाचा: बुकस्टॅकचा एमआयटी हा मोकळा परवाना आहे, तर मॅस्टोडॉनचा एजीपीएल, म्हणजे त्यात बदल करून नेटवर चालवलं तर वापरणाऱ्यांना बदललेला कोड द्यावा लागतो. कार्यक्रमाच्या जागी नेटवर भिस्त नको. व्हेंडर फोल्डर (कंपोझरने उतरवलेली पॅकेजं) आदल्या दिवशीच पूर्ण उतरवून घ्या, आणि वाय-फाय बंद करून एकदा सगळं चालवून बघा.